गारगोटीचा वर

पूर्वी कृतयुगात, देव पाहुणे होऊन पर्णकुटींत उतरत असत त्या काळी, मंदवाहा नदीच्या तीरावर उग्रश्रुत नावाचे महातपस्वी मुनी राहत होते. कदंब आणि अर्जुनवृक्षांच्या छायेतील त्या आश्रमात हरिणे निर्भय चरत, मयूर वेदीभोवती पिसारा फुलवत आणि वेदीवरचा अग्नी बारा वर्षांत एकदाही विझला नव्हता. मुनींनी क्षुधा जिंकली, निद्रा जिंकली, क्रोधालाही बऱ्यापैकी वठणीवर आणले. जीभ तेवढी जिंकायची राहून गेली.

त्यांना दोन कन्या. थोरली मेधावती एकपाठी. एकदा कानी पडलेली ऋचा तिला मुखोद्गत. धाकटी नीवारा पाठ म्हणताना अडखळे, आणि ती अडखळली की सर्व शिष्यांसमोर मुनी म्हणत, "तुझ्या वयाची असताना मेधावतीने संपूर्ण मंडल कंठस्थ केले होते. एकाच उदरी रत्न आणि गारगोटी कशी निपजली, ते ब्रह्मदेवच जाणे!"

शिष्य हसू दाबत. नीवारा उठून वेदीपाशी जाऊन बसे. पुढे मेधावती विवाह होऊन पतीच्या आश्रमी गेली, पण तुलना काही तिच्याबरोबर सासरी गेली नाही. हळूहळू नीवारेने पाठाला बसणे सोडले. नदीवर पाण्यात स्वतःचे मुख दिसले, तरी ती घाईघाईने घागर बुडवून ते मोडून टाकी.

एके सायंकाळी मुनी आणि नीवारा अग्नीसमोर बसले असताना वेदीतून साक्षात अग्निदेव प्रकटले. सुवर्णवर्ण, रक्तवस्त्र, तेजाने दाही दिशा उजळणारे ते रूप पाहून मुनींनी साष्टांग प्रणिपात केला.

"मुने, बारा वर्षे येथे माझी ज्योत अखंड आहे. मी तृप्त झालो," अग्निदेव म्हणाले.

"भगवन्, ही मेधावतीच्या मंत्रपठणाची पुण्याई!"

"मेधावतीला सासरी जाऊन सात वर्षे झाली. रोज सांजवेळी निखारे राखेखाली झाकणारी, पहाटे फुंकर घालून त्यांना जागवणारी, ओल्या समिधा उराशी धरून सुकवणारी कन्या ही आहे. नीवारे, वर माग."

नीवारा गोंधळली. तिला काय हवे, हे आजवर कोणी विचारले नव्हते. मुनींना तो क्षणाचा विलंबही सोसवेना. ते पुटपुटले, "मेधावती असती तर एव्हाना मागून मोकळी झाली असती!"

नीवारेने हात जोडले. "भगवन्, मला मेधावती करा. नीवारा कोणाला नको आहे. मलाही नको आहे."

अग्निदेवांची ज्वाला क्षणभर काळवंडली. पण शब्द दिलेला होता.

"तथास्तु."

तत्क्षणी तिचे मुख, तिचा स्वर, तिची चाल, सारे पालटले. ती अस्खलित ऋचा म्हणू लागली. मुनी हर्षभरित झाले. आपल्याला नेमके काय लाभले, हे त्यांना त्या दिवशी कळले नाही.

पहाटे वेदी गार पडली होती.

"निखारे का झाकले नाहीस?" मुनींनी विचारले.

"कसे झाकतात, तात? ते काम मी कधीच केले नाही," कन्या सरळपणे म्हणाली.

बारा वर्षांच्या सवयीने मुनींनी हाक मारली, "नीवारे!" कन्येने वळून पाहिले नाही. त्या नावाचे तेथे कोणी उरलेच नव्हते. मुनी मेल्याहून मेल्यासारखे झाले. शिष्यांकडे पाहण्याचे धैर्य त्यांना होईना. त्यांनी गार राखेत कपाळ टेकले.

"देवा, माझी गारगोटी मला परत द्या!"

राखेतून स्वर आला, "मुने, ठिणगी गारगोटीतच असते, हे तुला आज उमगले. दिलेला वर मी मागे घेऊ शकत नाही. बारा वर्षे तू रोज जे मागत होतास, तेच तिने एकदा मागितले."

त्यानंतर उग्रश्रुतांनी कोणाला पाठ दिला नाही. रोज सांजवेळी ते स्वतःच्या हातांनी, बोटे भाजून घेत, निखारे झाकीत आणि तिचे नाव घेत. तेव्हापासून मंदवाहेच्या तीरी रीत पडली: विस्तव झाकताना आईबापांनी लेकीचे नाव घ्यावे, आणि त्या नावाशेजारी दुसरे कोणाचेही नाव उच्चारू नये.