परीच्या हातातले सफरचंद

पुष्कळ वर्षांपूर्वी, घोडागाड्यांच्या काळी, लंडन शहरातील एका धुरकट गल्लीत मुलांच्या चित्रपुस्तकांना हाताने रंग भरण्याचा एक कारखाना होता. लांबलचक मेजाभोवती मुली बसत आणि प्रत्येकीकडे एकच रंग असे. निळ्या रंगाची डॉर्कस आकाश रंगवून कागद पुढे सरकवी, शेजारीण त्यावर हिरवी पाने फुलवी, आणि सर्वांत शेवटी तो हेस्टरकडे येई. हेस्टर लाल रंगाची होती. गुलाब, टोप्या, इवलेइवले जोडे तिच्या कुंचल्याने उजळत.

त्या दिवशी मात्र तिचे मन घरी होते. तिची आई तापाने अंथरुणाला खिळली होती आणि तिचे गाल न रंगवलेल्या कागदासारखे पांढरे पडले होते. सकाळी डॉक्टर औषधही न देता निघून गेले होते.

"तुझा लाल रंग आज झोपलाय वाटतं," डॉर्कसने चिडवले. हेस्टर हसली नाही.

संध्याकाळी, रंगाच्या वाट्या धुऊन कुलुपात गेल्यावर, मागच्या बागेतील दोरीवर वाळत घातलेले कागद काढण्यासाठी तिला पाठवण्यात आले. शेवटच्या कागदापाशी ती थबकली. त्यावर सोनपंखी परी उभी होती. पण तिच्या पसरलेल्या तळहातावर नुसते पांढरे वर्तुळ होते. सफरचंद रंगवायचे राहून गेले होते. अपुरा कागद शेगडीत जाई, हा कारखान्याचा नियम होता, आणि आत देखरेख करणाऱ्या ग्रिमशॉबाई शेगडीपाशीच बसल्या होत्या.

तोच कागद थरथरला. चिमुकली परी अलगद त्याच्या कडेवर येऊन उभी राहिली. तिच्या पंखांतून सोनेरी कण झरत होते आणि हातात एक कुंचला होता. त्याच्या टोकाशी माणकासारखा लाल थेंब लकाकत होता.

"हा थेंब ज्याला लागेल ते खरे होईल," परी हळूच म्हणाली. "मात्र थेंब एकच आहे. तो रेषेबाहेर जाता कामा नये, आणि भिंतीवरचे ऊन मावळण्याआधी तो वापरायला हवा."

चित्राच्या कोपऱ्यात, घराच्या खिडकीत, एक आई निजली होती; तिचेही गाल पांढरेच होते. ते लाल केले तर आपली आईही खरोखर बरी होईल, या आशेने हेस्टरने कुंचला घेतला. आईच्या गालापासून तो केसभर अंतरावर असताना आत शेगडीचे झाकण खणकन उघडले.

हेस्टरचा हात थांबला. "आणि तुझे काय होईल?"

परीने नजर खाली वळवली. "परीने स्वतःसाठी काही मागायचे नसते."

भिंतीवर उन्हाची आता बारीकशी पट्टी उरली होती. ग्रिमशॉबाईंनी आतून हाक मारली. हेस्टरचे डोळे भरून आले.

"आई माझी आहे," ती म्हणाली, "पण चूकही माझीच आहे. तिच्यासाठी तुला जळू देणार नाही."

तिने तो थेंब पांढऱ्या वर्तुळात भरला, रेषेला जराही न ओलांडता. त्याच क्षणी ऊन मावळले.

परंतु बागेत अंधार झाला नाही. परीच्या हातात लालचुटूक, सुगंधी, खरेखुरे सफरचंद झळकत होते.

"हात रिकामा होता, तोवर मला एक थेंबच देता येत होता," परी म्हणाली. "आता हे घे."

ते फळ तिने हेस्टरच्या ओंजळीत ठेवले आणि गुलाबी, सोनेरी प्रकाशात ती विरून गेली. कागदावरची परी पूर्ववत उभी होती. तिच्या तळहातावर लाल सफरचंद होते. ग्रिमशॉबाईंनी कागद वरपासून खालपर्यंत तपासला आणि चांगल्या कागदांत ठेवला.

हेस्टर धावत घरी गेली. आईने एक घास घेतला, आणि ओल्या कागदावर रंग पसरावा तशी तिच्या गालांवर लाली पसरत गेली.

"बाळ," ती म्हणाली, "किती दिवसांनी भूक लागली गं मला."

दुसऱ्या दिवशी ग्रिमशॉबाई तो कागद घेऊन मेजाशी आल्या. काल अखंड असलेल्या परीच्या सफरचंदाचा एक घास आज कोणीतरी खाल्लेला दिसत होता. हे कोणाचे काम, असे त्यांनी विचारले. मुलींनी आपापले कुंचले पुढे केले: निळा, हिरवा, पिवळा, लाल. बाईंनी पुन्हा कागदाकडे पाहिले. घासाची जागा पांढरीशुभ्र होती, आणि पांढरा रंग त्या मेजावर कोणाकडेच नव्हता.