चांदणीची विळी

विळ्या घडवणाऱ्या एका गावात रामलिंग नावाचा लोहार राहत होता. त्याच्या घराण्याची एक रीत होती. विळी तयार झाली की तिच्यावर आधी अळूचं पान चिरायचं. पान फाटलं तर विळी पुन्हा भट्टीत. पान सरळ चिरलं गेलं, तरच पात्याच्या बुडाशी छोटी चांदणी उठवायची. पंचक्रोशीतल्या बायका विळी घेताना बुडाशी अंगठा फिरवून चांदणी चाचपायच्या. रामलिंगचं नाव पुष्कळांना ठाऊक नव्हतं. चांदणीची विळी मात्र सगळ्यांना ठाऊक होती.

काळ बदलला. लोक मोबाइलवर विळ्या मागवू लागले. रामलिंगनेही वेबसाइट काढायचं ठरवलं. नाव काय ठेवावं, हे विचारायला त्याने शहरातला साडू मुकुंद याला बोलावलं. मुकुंदला या विषयातलं थोडं कळत होतं, आणि थोडं कळणाऱ्याला बोलायचा उत्साह फार असतो.

रामलिंगची बायको सुगंधा म्हणाली, "चांदणी विळी असंच ठेवा की. बायका तेच मागत्यात."

मुकुंद हसला. "रामलिंगराव, इंटरनेटवर चांदणी कोण शोधणार? लोक शोधतात 'सर्वोत्तम धारदार विळी'. तेच नाव घ्या. शोधणाऱ्याला पहिले तुम्हीच दिसाल."

"ते शब्द आत पानावर लिवा," सुगंधा म्हणाली. "दारावर आपलं नाव असू द्या."

तिचं कोणी मनावर घेतलं नाही. घरच्या माणसाचा सल्ला फुकट मिळतो, म्हणून तो स्वस्त वाटतो. वेबसाइट निघाली, सर्वोत्तम धारदार विळी डॉट कॉम.

मुकुंद अगदीच चुकला नव्हता. पहिले काही महिने रामलिंगची वेबसाइट सगळ्यांच्या वर दिसली. दूरदूरची मागणी आली. भट्टी दिवसभर धगधगत राहिली आणि रामलिंगची मान ताठ झाली.

पण जे नाव कोणाचंच नसतं, ते घ्यायला कोणाचीच परवानगी लागत नाही. तालुक्याच्या गावी नंदूशेठ नावाचा भांडीवाला होता. त्याने जन्मात हातोडा उचलला नव्हता. तो कारखान्यातून पत्र्याच्या विळ्या आणायचा. त्याने वेबसाइट काढली, धारदार सर्वोत्तम विळी. दुसऱ्या कोणी काढली, सर्वोत्तम विळी धारदार. मग आणखी निघाल्या. बघता बघता जगातल्या सगळ्या विळ्या सर्वोत्तम झाल्या.

एके दिवशी निपाणीकडच्या शेवंताक्का रामलिंगच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या आईपासून घरात चांदणीचीच विळी. हाताला पट्टी बांधलेली, बगलेत गुंडाळलेली विळी. भट्टीपाशी चार गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यादेखत अक्कांनी विळी खाली ठेवली.

"लेकीच्या संसाराला म्हणून मोबाइलवर मागवली. आधी मीच वापरून बघितली. पैल्याच नारळाला पातं वाकलं आणि खवणी हातात घुसली. अण्णा, तुमच्या हाताला झालंय तरी काय?"

रामलिंगने विळी उचलली. बुडाशी अंगठा फिरवला. चांदणी नव्हती.

"अक्का, ही माझी नव्हं."

"मग नाव तुमचंच कसं? सर्वोत्तम धारदार कायतरी. तुमचंच म्हणून लेकीनं सांगितलं मला. चांदणी नव्हती, पण वाटलं आता उठवत नसाल."

रामलिंगने मोबाइल काढला. एकाखाली एक नावं आली. त्यात आपलं कोणतं, हे ओळखायला त्यालाच दोनदा वाचावं लागलं. त्याला लाज वाटली.

त्याने लगेच मुकुंदला फोन लावला. "सुगंधा म्हणत होती ते नाव घे. चांदणी विळी. आत्ताच्या आत्ता."

थोड्या वेळाने मुकुंदचा फोन आला. आवाज उतरलेला होता. "रामलिंगराव, ते नाव गेलं. मागच्याच वर्षी नंदूशेठने घेऊन ठेवलंय."

रामलिंगने फोन ठेवला. आत जाऊन त्याने नुकतीच घडवलेली विळी आणली, शेवंताक्कांसमोर अळूचं पान चिरून दाखवलं, चांदणी उठवली आणि विळी त्यांच्या हातात दिली. अक्कांनी अंगठा फिरवला. त्यांचा चेहरा निवळला.

"अशीच पायजे होती," त्या म्हणाल्या. "आता माझ्या लेकीच्या शेजारणी विचारतील, त्या दिल्लीला असत्यात. त्यांनी मोबाइलवर काय नाव शोधायचं, तेवढं सांगा."

रामलिंगने तोंड उघडलं. 'चांदणी' म्हणावं, तर त्या नंदूशेठच्या दारात जाणार. 'सर्वोत्तम' म्हणावं, तर कोणाच्याही दारात जाणार. तो सुगंधाकडे बघत राहिला. सुगंधा भट्टीकडे बघत होती.

तात्पर्य: लोकांनी विश्वासाने दिलेलं नाव आपण टाकलं, तर ते उचलणारा टपलेलाच असतो, आणि दहाजणांसारखं नाव घेतलं, तर आपली माणसंसुद्धा चुकून दुसऱ्याच्या दारात जातात.