टिकलीचं माहेर कोणत्या परगण्यात?

मुलांनो, नदीच्या दोन्ही काठांना एकच नाव दिलं, तर पल्याडचं माहेर माहेर राहतं का?

इंग्लंडात मर्सी नदीवर टिकली नावाची बदकीण राहायची. दक्षिणेचा काठ चेशायर परगण्यातला, ते तिचं माहेर. उत्तरेचा लँकेशायरातला, ते सासर. पहिली अंडी माहेरी घालायची, ही तिथल्या बदकांची रीत. दिवस भरत आले तशी टिकली निघाली, तर सासूबाई आडव्या आल्या.

"अगं, माहेर कसलं? माणसांनी दोन्ही काठ मिळून ग्रेटर मँचेस्टर असा एकच परगणा केलाय. आता हेच सासर नि हेच माहेर. बस इथंच!"

टिकली गोंधळली. आईच्या पंखाखाली बसायची केवढी आस तिला! ती काठावरच्या हद्दीच्या दगडाकडे गेली. "दगडोबा, मग माझी आई आता माझी कोण लागते?"

"मला काय विचारतेस, पोरी! माझ्या एका अंगावर चेशायर कोरलंय, दुसऱ्यावर लँकेशायर. दोन्हीकडे आता ग्रेटर मँचेस्टर, मग मी हद्द कशाची? पुढं माणसांनी या नव्या परगण्याची कचेरी मोडली. म्हटलं, सुटलो! तर म्हणे कचेरी गेली, परगणा आहेच."

टिकलीचं डोकं आणखीच गरगरलं. तेवढ्यात पल्याडून आईची हाक आली, "टिकले, गवत अंथरून ठेवलंय गं!" टिकलीनं मागंपुढं न पाहता पाण्यात उडी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आईच्या गवतात पहिलं अंडं घातलं, आणि ते बघायला सासूबाई नदी ओलांडून आल्या.