रानकोंबडीची खोटी नोंद

ओढ्याकाठच्या एका जंगलात एक रानकोंबडी राहत असे. स्वभावाने महासंशयी. समोर दाणा पडला तरी तो कोणी टाकला हे आधी बघायची. म्हणूनच जमिनीवर घरटी करणाऱ्या टिटव्या, तितर, लावे यांनी कोणाची अंडी कुठे आहेत याची नोंद ठेवायचं काम तिच्यावर सोपवलं होतं. हसाल मुलांनो, पण त्यासाठी ती संगणकावर प्रोग्राम लिहीत असे.

एके दिवशी कोल्हा आला. प्रोग्राम ज्या एडिटरमध्ये लिहितात, त्याला जोडायचं एक एक्स्टेन्शन त्याने आणलं होतं. "चुका आपोआप दुरुस्त करतं, ताई. आणि फुकट," तो म्हणाला.

"आत काय लिहिलंय ते दाखवा, कोल्होबा."

"ते आमचं गुपित. जेवणाऱ्याने ताट बघावं, चूल कशाला बघायची?"

जवळच उभी असलेली एक टिटवी करवादली, "घे की मुकाट्याने! तुला मेलीला देव समोर उभा राहिला तरी खरा वाटायचा नाही." कोल्हा आणि फुकट, हे दोन शब्द रानकोंबडीला एका ओळीत पटेनात.

तिने एक्स्टेन्शन जोडलं, पण खरं घरटं एकही नोंदवलं नाही. अंड्यांवरचं लक्ष उडवायला टिटवी भलतीकडेच जाऊन ओरडते ना, तसंच तिने केलं. 'ओढ्याकाठची करवंदीची जाळी, अकरा अंडी, पहारा नाही,' असं धडधडीत खोटं लिहिलं आणि कोणाजवळ अवाक्षर काढलं नाही. उद्यापासून सगळ्यांची खरी अंडी नोंदवायची होती, त्यामुळे तिच्या जिवाला घोर लागला होता.

सकाळी ती ओढ्यावर गेली. जाळीभोवती पावलंच पावलं, आणि काट्यांना तांबूस केस अडकलेले. म्हणजे तिने लिहिलेलं सगळं ते एक्स्टेन्शन कोल्ह्याला कळवत होतं! तिने तडक एक्स्टेन्शन काढून टाकलं आणि सुगरण पक्ष्यांनी मिळून लिहिलेलं दुसरं आणलं. ते जरा संथ होतं, दिसायला ओबडधोबड, पण त्यातली ओळ न् ओळ कोणीही वाचावी अशी उघडी होती. तरी हिचा संशय जातो कुठे! तीन दिवस बसून तिने ते वाचलं, एक चूक काढली, सुगरणींकडून ती दुरुस्त करून घेतली आणि मगच टिटवीचं घरटं नोंदवायला घेतलं.

इतक्यात कोल्हा आला. नाकावर ओरखडे होते. "काय ताई, आमचं एक्स्टेन्शन काढून टाकलंत म्हणे?"

"टाकलं. पण मी तर कोणालाच सांगितलं नव्हतं. तुम्हाला कोणी सांगितलं?"

कोल्हा आला तसा निघून गेला. हे ऐकणारी टिटवी लगबगीने आपल्या अंड्यांवर जाऊन बसली.

तात्पर्य : जो आपली वस्तू उघडून दाखवत नाही, त्याला घराचा ठावठिकाणा देऊ नये, आणि जो दाखवतो, त्याचीही वाचल्याशिवाय घेऊ नये.