फूल नसलेली कुंडी

नुसत्या पानांना कधी पहिलं बक्षीस मिळतं का हो? संस्थानच्या उन्हाळी फुलझाडांच्या प्रदर्शनात गोदाक्का माळिणीने कोलियस या शोभेच्या झाडाची नवी जात मांडली होती, किरमिजी पानांची आणि पोपटी किनारीची. पहिल्या नंबराला राजबागेतली नोकरी होती आणि विधवा गोदाक्काला ती हवीच होती.

परीक्षक सरदार विश्वासराव जरतारी फेटा सावरत आले. "फूल कुठाय?"

"पानांचा रंग टिकावा म्हणून फुलांचे तुरे खुडते, सरकार."

"फूल नाही, फळ नाही, नुसता भपका! याला मान कोण देणार?"

गोदाक्काने हात जोडले. "आपल्या फेट्यालाही फूल-फळ येत नाही, सरकार. तरी तो दिसताच आम्ही सगळे उठून उभे राहिलो."

मंडपात हशा पिकला. सरदारांनाही हसावंच लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदाक्का राजबागेत कोलियस लावत होती.