वीणेचा पहारा आणि झुंबरचा लावा

पूर्णेच्या काठी सावरगव्हाण नावाचे एक लहानसे गाव होते. त्या वर्षी चैत्रात श्रीशिदोबा महाराज तेथे येऊन राहिले आणि मारुतीच्या देवळात नामसप्ताह बसला. ऊन असे की देवळाच्या फरशीवर अनवाणी पाय ठरत नसे. पण महाराज आले म्हटल्यावर ऊन कोण पाहतो! आसपासच्या गावांहून बैलगाड्या येऊ लागल्या, चुली पेटल्या, आणि सावरगव्हाणात कधी नव्हे ती गर्दी झाली.

पहिल्याच सकाळी महाराजांनी वीणेचे पहारे लावून दिले. भाविकांना ही रीत ठाऊक आहेच, तरी सांगतो. सप्ताह उठेपर्यंत वीणा भुईला टेकवायची नाही. ती गळ्यात घेऊन उभ्याने नाम घ्यायचे आणि पहारा संपला की पुढच्याच्या गळ्यात घालायची. घेणारा आधी देणाऱ्याच्या पायांवर डोके ठेवतो, मगच वीणा घेतो. तेथे कोणी कोणाची जात विचारत नाही. मध्येच वीणा खाली ठेवली तर सप्ताह मोडला, आणि मोडणाऱ्याला गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही.

दुपारच्या पहाऱ्याला महाराजांनी झुंबर पारध्याचे नाव घेतले. त्याच्यामागून उदेभान पाटलांचे.

देवळात चुळबूळ झाली. उदेभान पाटील म्हणजे गावचे कर्तेसवरते. सप्ताहाचा मांडव त्यांचा, शिधा त्यांचा, आणि ते चार माणसांत सांगायला ते कधी विसरत नसत. त्यांनी आता झुंबरच्या पायांवर डोके ठेवायचे! महाराजांपुढे पाटलांनी मान डोलावली खरी, पण कपाळावरची आठी काही गेली नाही.

आणि हा झुंबर कोण? फासे लावून तितर-लावे धरणारा, गावाबाहेर पालात एकटा राहणारा माणूस. त्याने एक लावा पाळला होता. मुठीत मावेल एवढे पाखरू, अंगभर ठिपके, म्हणून त्याचे नाव ठिपक्या. पारध्यांची रीत अशी, की पाळलेला लावा दोरीने बांधून फाशांच्या मधोमध ठेवायचा. तो साद घालतो, त्या सादेला भुलून रानातले लावे धावत येतात आणि घोड्याच्या केसांच्या फाशांत अडकतात. सप्ताह बसायच्या पंधरवडाभर आधी, महाराज गावात आलेले असताना, एके दिवशी झुंबरच्या हातून दोरी लांब सुटली. कोल्ह्याची चाहूल लागताच ठिपक्या भुर्रकन उडाला आणि धन्याच्याच फाशात पाय गुंतून लोंबकळला. तेवढासा तो पाय, मोडायला कितीसा वेळ!

झुंबरने आजवर किती पाखरे धरली असतील, त्याला कधी काही वाटले नव्हते. पण हे पाखरू त्याच्या हातावर दाणे टिपत असे, रात्री त्याच्या उशाशी झोपत असे. त्याचा जीव कासावीस झाला. सदऱ्याच्या आत पाखरू धरून तो धावत महाराजांकडे आला.

महाराजांनी विचारले, "फासे कोठी हायेत?"

"पालात हायेत, देवा."

"जाळून टाक. आन् हा पाय तुह्या हातानं मोडला, तं तुह्याच हातानं जोड. हे पाखरू दोन पायांवर उभं राहीपर्यंत तुले दुसरी पूजा नाई."

झुंबरने त्याच दिवशी फासे जाळले आणि मोलमजुरी धरली. बोरूची काडी उभी चिरून ती त्याने पाखराच्या पायाला दोऱ्याने बांधली, वर हळद-तेलाची पट्टी लावली. भिजवलेल्या राळ्याचा एकेक दाणा तो नखावर घेऊन चोचीशी धरी, आणि कापसाची वात पाण्यात बुडवून थेंब थेंब पाजी. पाय सांधत आला. पण चैत्राचे ऊन पाखराला सोसेना. त्याने दाणा सोडला, चोच उघडी टाकून ते धापा टाकू लागले. पाखरू झाकलेल्या डालग्यावर ओले फडके घालायचे आणि ते वाळायच्या आत पुन्हा भिजवायचे, एवढाच उपाय झुंबरच्या हाती उरला.

झुंबरला एकच भीती होती. हे पाखरू जगले तर आपल्या हातांना महाराजांनी माफ केले. मेले, तर हे हात मारणाऱ्याचेच राहिले. ही गोष्ट तो कोणाजवळ बोलला नाही, पण त्याच्या तोंडावर ती दिसत असे.

पाटलांना मात्र त्यात नुसती गंमत दिसली. पाणवठ्यावर फडके भिजवताना झुंबर दिसला, की ते मोठ्याने विचारीत, "काय झुंबऱ्या, बाळंतीण कशी हाय तुही? बारसं कवा करतं?"

सोबतची माणसे हसत. झुंबर खाली मान घालून म्हणे, "आज जरासं पाणी पेलं, पाटील." या उत्तरावर तर हसण्याला ऊत येई. आता कोणी म्हणेल, एका पाखरासाठी एवढे काय? म्हणणाऱ्याने आजारी जीव हातात घेऊन एकदा बसून पाहावे, मग बोलावे.

सप्ताहाच्या त्या पहिल्याच दुपारी झुंबर पहाऱ्याला आला तो पांढऱ्याफटक चेहऱ्याने. महाराज नेहमीसारखे खांबाला टेकून बसले होते.

"देवा, आज मले सोडा. त्यानं मान टाकली हाय. घरी कोणी नाई. फडकं वाळलं तं जाईन तो."

महाराजांनी त्याच्याकडे पाहिले. ते म्हणाले, "तू वीणा सांभाळ, झुंबर. बाकीचं पाहू आपण."

झुंबरने वीणा गळ्यात घेतली. तोंडात रामकृष्णहरी, पण डोळे देवळाच्या दारातून पालाच्या वाटेवर! तार छेडावी आणि वाटावे, आता फडक्याची कड वाळली असेल. पाऊल उचलावे आणि वाटावे, आता मध्यापर्यंत वाळले असेल. एकदा नाम चुकले, त्याने जीभ चावली. देवळाची सावली पाराला लागली की पाटलांची पाळी होती. तो सावलीकडे पाही, आणि सावली काही केल्या सरकेना.

अखेर सावली पाराला लागली. पुढे गेली. पाराच्या पायऱ्या झाकल्या गेल्या. पाटलांचा पत्ता नाही!

गडी बोलावायला गेला, तर पाटील ओसरीवर सुपारी कातरत बसलेले. "सांग, जेवतो आन् येतो," ते म्हणाले, आणि जेवण केव्हाच झालेले! पाटलांचा हिशेब सरळ होता. पारध्याचा जीव पाखरात आहे. तो फार वेळ थांबायचा नाही, वीणा टाकून पळेल. मग त्याच्या पायांवर डोके ठेवायची वेळच येणार नाही, आणि महाराजांनी कोणावर भरवसा ठेवला तेही गावाला कळेल. असे मनाशी ठरवून ते आडवे झाले.

पण झोप येईना. कुशीवर वळावे, पुन्हा उताणे व्हावे, पाणी प्यावे. देवळाकडून वीणेचा झंकार येतच होता. हा अजून उभा कसा? की दुसऱ्या कोणाच्या गळ्यात वीणा घालून पळाला? तसे असेल तर त्याला पालातच पकडावे, म्हणून पाटलांनी फेटा बांधला आणि भर उन्हात ते मागच्या वाटेने निघाले.

इकडे देवळात झुंबर नाम घेत उभाच होता. बसलेली माणसे उन्हाने पेंगत होती. वीणा अलगद टेकवावी, धावत जाऊन फडके भिजवावे आणि परत यावे, कोणाला कळेल? त्याने वीणेचा पट्टा गळ्यातून अर्धा काढलाही. मग त्याची नजर महाराजांकडे गेली. महाराज डोळे मिटून बसले होते. झुंबरने पट्टा पुन्हा गळ्यात सरकवला. तो ओक्साबोक्शी रडू लागला, पण रडता रडताही नाम त्याने सोडले नाही. धन्य तो झुंबर!

पाटील पालाशी पोचले. आत कोणीतरी होते. "सापडला लेकाचा," असे पुटपुटत त्यांनी पडदा सारला आणि ते जागच्या जागी खिळले.

आत महाराज उकिडवे बसले होते. मांडीवर लावा, हातात ओली वात. मागे न पाहता महाराज म्हणाले, "उदेभान, ते गाडगं इकडं दे."

पाटलांनी गाडगे पुढे केले.

"फडकं आखूड पडते. तुहा फेटा सोड."

गावात पाटलांच्या फेट्याला कोणी हात लावला नव्हता. तो त्यांनी स्वतःच्या हाताने सोडला, गाडग्यात बुडवला, पिळला. महाराजांनी पाखरू त्यांच्या ओंजळीत दिले. एवढेसे ऊन ऊन अंग, आणि आत काळीज असे धडधडत होते की पाटलांच्या हातांना ते थेट जाणवले. त्यांनी श्वास रोखून धरला. आपल्या हाताला जरा धक्का बसला तर हे जाईल, या भीतीने त्यांना घाम फुटला. वातीचा थेंब चोचीवर पडला. ओघळून गेला. दुसरा पडला, तोही गेला. मग पाखराने घोट घेतला!

"पेलं, महाराज! पेलं ना!" पाटील लहान मुलासारखे ओरडले.

"कळलं काय झुंबर काहून येडा झाला ते? आता देवळात घेऊन ये ह्या पाखराले. झुंबर तिथं केव्हाचा उभा हाय," असे म्हणून महाराज पडदा सारून बाहेर पडले.

पाटील लगोलग मागे आले. समोर देवळापर्यंत उघडे माळरान, झाड नाही की झुडूप नाही. आणि त्या माळावर चिटपाखरूही नव्हते!

ओल्या फेट्यात लावा धरून, बोडक्या डोक्याने पाटील धावत सुटले. देवळात येऊन पाहतात तो महाराज खांबाला टेकून, डोळे मिटून बसलेले.

"महाराज कवा आले बाहेरून?" पाटलांनी धापा टाकत विचारले.

"बाहेरून?" बसलेली माणसे चक्रावली. "ते तं सकायपासून हालले नाईत इथून."

पाटलांनी वाकून पाहिले. महाराजांची दोन बोटे ओली होती, आणि एका नखाला हळद लागली होती.  पाटील महाराजांच्या पायांशी कोसळले. पण महाराजांनी पाय मागे घेतले.

"माहे पाय कोठी पळून जात नाईत. तुही पाळी होती ना, उदेभान?"

एवढे म्हणून महाराजांनी पाटलांच्या हातातला फेटा घेऊन आपल्या मांडीवर उलगडला. ठिपक्याने पिसे झटकली, मान वर केली, आणि तो महाराजांच्या मांडीवर दोन्ही पायांवर उभा राहिला. महाराजांनी पुढे केलेल्या तळव्यावरचा राळ्याचा दाणा त्याने टिपला. देवळात एकच जयघोष झाला! झुंबरने हे सारे उभ्या जागेवरून पाहिले. गळ्यात वीणा, त्याला हलता येईना. डोळ्यांतले पाणी पुसायलाही हात मोकळा नव्हता.

पाटील उठले. सारे गाव पाहत होते. ते झुंबरसमोर गेले आणि रानात भेगाळलेल्या त्याच्या पायांवर त्यांनी बोडके डोके ठेवले. ठेवले ते उचलेचनात. हुंदक्यांनी त्यांची पाठ गदगदत होती.

शेवटी झुंबरच कळवळून म्हणाला, "उठा ना, पाटील. तुमी असे पडून राहाल तं हे वीणा म्या कोणाच्या गळ्यात घालू?"