काढा निवेपर्यंत

एका राज्यात पाणी हाकेवर येत असे.

डोंगरावर एक तळं होतं. तळ्याच्या काठी काळ्या दगडाचा हत्ती बसला होता आणि त्याच्या सोंडेखालून कालवा निघून गावोगाव जात होता. गादीवर असेल त्यानं रोज सकाळी गडाच्या बुरुजावर उभं राहायचं आणि हाक द्यायची, "गजराजा, सोंड उचल!" हत्ती सोंड उचली, पाणी सुटे. संध्याकाळी सोंड आपोआप खाली येई. हत्ती दगडाचा असला तरी कानाचा तिखट होता. त्याला फक्त राजघराण्याचा आवाज कळे. दुसरं कुणी बेंबीच्या देठापासून ओरडलं तरी तो कान हलवत नसे.

या राज्याच्या गादीवर राणी शर्वाणी बसली. राणी हुशार, कष्टाळू, मनाची निर्मळ. पण बोलायला लागली की समोरच्याची पंचाईत होई. प्रधानजी "महाराणी, निवेदन असं की" एवढंच म्हणत आणि पुढचं निवेदन राणीच करून टाकी. बऱ्याचदा ते बरोबरही असे, म्हणून तर कुणाला काही म्हणता येत नसे.

राज्याभिषेकाच्या दिवशी तिनं खजिन्याच्या तळघरातून सोन्याचा कंठा मागवला.

"महाराणी, तो कंठा आपल्या पणजोबांच्या, राजा विक्रमध्वजांच्या काळापासून..." प्रधानजी सांगू लागले.

"ठाऊक आहे. पणजोबांचा आहे, म्हणूनच घालायचा," राणी म्हणाली आणि कंठा गळ्यात घालून मोकळी झाली. तो शापित आहे, हे प्रधानजींना सांगायचं होतं. ते वाक्य त्यांच्या पोटातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी राणी उठली तर घशात बाभळीचा काटा अडकल्यासारखं दुखत होतं. थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी येई. कंठा काढू गेली तर कडी उघडेना. बुरुजावर जाऊन तिनं हाक दिली, पण नुसतं गंजलेलं दार करकरावं तसा आवाज निघाला. हत्ती ढिम्म राहिला.

वैद्यराज गोवर्धन धावत आले. त्यांनी समईच्या उजेडात राणीचा घसा पाहिला. "घसा लाल झालाय. कोमट पाण्यात मीठ आणि हळद घालून गुळण्या करा. आंबट नको, तेलकट नको. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे..."

राणीनं हातानंच पुरे म्हटलं आणि गुळण्या करायला घेतल्या. त्यांचा गुण आला. घसा निवला, आवाज जरा मोकळा झाला, तशी राणी तडक बुरुजावर गेली आणि सगळा जीव एकवटून ओरडली. अर्धी हाक बाहेर पडली आणि घसा मिटला तो मिटलाच. मुख्य म्हणजे बोलायचं नव्हतं. तेवढं ऐकायचं राहून गेलं होतं.

मग राज्याची दशा काय वर्णावी! कालव्याचा चिखल वाळून तडकला. केळीच्या बागा माना टाकून उभ्या राहिल्या. विहिरी तळाला गेल्या. बाया घागरी घेऊन कालव्याच्या काठी येत, कोरड्या पात्राकडे पाहत आणि मग मान वर करून बुरुजाकडे पाहत. कुणी राणीला दोष दिला नाही. उद्या हाक येईल, असंच ते एकमेकांना सांगत. त्यांचा तो भरवसा राणीला सोसवेना.

वैद्यराज पुन्हा आले. आता राणी बोलू शकत नव्हती, त्यामुळे त्यांचं वाक्य पुरं झालं. "महाराणी, घशावर माझ्याकडे औषध आहे, शापावर नाही. शापाचं काय ते तांबटाला विचारा."

गडाच्या अंगणात उंबराचं झाड होतं. त्याच्यावर एक तांबट पक्षी राहत असे. गड बांधला त्याच्याही आधीपासून तो तिथं होता. गळ्याशी लाल टिळा आणि दिवसभर एकच धंदा, टुक टुक टुक.

राणी झाडाखाली उभी राहिली. तांबट म्हणाला, "बोलू नकोस. मी दिवसभर एकच अक्षर बोलतो, म्हणून माझा घसा कधी बसत नाही. ऐक. कोरड्या नदीतल्या नागिणीकडून ज्येष्ठमधाची मुळी आण. झोटिंगाच्या झाडाचा बेहडा आण. तळ्यावरच्या आंधळ्या म्हाताऱ्याकडून मध आण. मुळी आणि बेहडा उकळून काढा कर. मध मात्र उकळत्या काढ्यात घालायचा नाही. घातलास तर औषधाचं विष होईल. काढा निवेपर्यंत थांबायचं. आणि तोवर शब्द काढायचा नाही."

राणीनं काहीतरी विचारायला तोंड उघडलं. तांबट म्हणाला, "टुक." राणीनं तोंड मिटलं.

तिनं नवी कल्हई केलेलं तांब्याचं पातेलं घेतलं, एक पळी घेतली, तांबटाला खांद्यावर बसवलं आणि ती निघाली. बरोबर कुणाला नेता येत नव्हतं. घसा तिचा, तेव्हा चालायचंही तिनंच.

कोरड्या नदीच्या वाळूत नागीण वेटोळं घालून बसली होती. ती म्हणाली, "मुळी खुशाल घे. पण वाळूखाली माझी पिल्लं निजली आहेत. आवाजानं जागी झाली तर चावतील." राणी हातांनी खणू लागली. वाळूत सराटे होते, दगडाच्या कपऱ्या होत्या. एक नख मुळापासून उचकटलं. राणीनं ओठ दातांखाली धरला आणि खणत राहिली. मुळी हाती लागली तसा तिनं एक तुकडा तोडून दाढेखाली धरला. गोड रस घशात उतरला आणि थोडं बरं वाटलं. पिल्लं निजलेलीच होती.

पुढं माळावर बेहड्याचं झाड होतं. त्यावरचा झोटिंग म्हणजे रिकामटेकडं भूत. त्याच्याशी जो उलट बोले, तो झाडाला चिकटून बसे. एक पगडीवाला शास्त्री आणि एक घोड्यांचा व्यापारी आधीच खोडाला चिकटलेले होते आणि अजूनही वाद घालत होते.

"ही राणी म्हणे!" झोटिंग फांदीवरून म्हणाला. "हिच्यापेक्षा माझ्या ढोलीतली घोरपड देखणी."

राणी गप्प राहिली.

"हिच्या आजोबाला पगडी बांधता येत नव्हती. भर दरबारात सुटायची."

हे धडधडीत खोटं होतं. आजोबांची पगडी राणीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. तिच्या ओठांवर असं एक उत्तर आलं की झोटिंगाची बोलती बंद झाली असती. तिनं ते गिळलं. फार दुखलं.

मग झोटिंग खाली वाकला आणि हळूच म्हणाला, "तिकडे रयतेच्या घशाला कोरड पडली आणि ही पातेलं घेऊन हिंडते आहे."

हे मात्र खरं होतं. राणीचे डोळे भरले, हनुवटी थरथरू लागली. तरी तिनं तोंड उघडलं नाही. झोटिंगानं बराच वेळ वाट पाहिली आणि मग त्याला कंटाळा आला. "तुझ्यात काही मजा नाही," म्हणत त्यानं मूठभर बेहडे तिच्या अंगावर फेकले. ते वेचून राणी चालू लागली. मागं शास्त्री आणि व्यापारी भांडतच होते.

राणी डोंगर चढून तळ्यावर पोचली. दगडी हत्तीच्या पायाशी एक आंधळा म्हातारा बसला होता. त्याच्या मांडीवर मधाचा बुधला होता.

"पातेलं वाजतंय, पण पातेलंवाली बोलत नाही," म्हातारा म्हणाला. "म्हणजे कंठा गळ्यात पडला. म्हणजे तू राजा विक्रमध्वजाच्या घरातली. बैस. मी धूम्रकेश जादूगार. हा हत्ती मीच घडवला. कंठ्यात शाप घालून तो राजाला परत धाडला, तोही मीच."

राणीची मूठ वळली. तांबट म्हणाला, "टुक."

"चूल मांड. काढा कर. मग बोलू," धूम्रकेश म्हणाला.

राणीनं तीन दगडांची चूल मांडली. मुळी ठेचली, बेहड्याची साल कुटली, पातेल्यात तळ्याचं पाणी घेतलं आणि चौथाई उरेपर्यंत आटवलं. मग पातेलं खाली उतरवलं. काढ्यातून वाफा निघत होत्या. तिनं मधाच्या बुधल्याला हात लावला.

"मध देतो," म्हातारा म्हणाला. "पण काढा गरम आहे. तो निवेपर्यंत माझं एक सांगणं ऐक. मात्र हुंकार दे. मला दिसत नाही. हुंकार आला नाही तर कुणी ऐकतंय की उठून गेलं, ते कळत नाही."

राणीनं खाली पाहिलं. दूरवर कालव्याच्या काठी घागरी घेतलेल्या बायांची रांग दिसत होती. म्हाताऱ्याच्या हातून बुधला हिसकावणं सोपं होतं. तिचा हात तसा पुढंही गेला. पण पातेल्याची वाफ हाताला लागली आणि तिनं हात मागं घेतला. गरम काढ्यात मध घालून काय उपयोग? थांबायचं तर होतंच. आणि हुंकार कुठून आणायचा? तिनं पळी उचलली आणि पातेल्याच्या काठावर हलकेच वाजवली. टुक.

म्हातारा हसला. "चालेल."

मग तो सांगू लागला. "हत्ती घडवून झाला तेव्हा कालव्याची आखणी झाली. वाटेत माझ्या आईची झोपडी येत होती."

टुक.

"मी दरबारात गेलो. म्हटलं, महाराज, कालवा थोडा वळवा. तिथं माझी आई... राजा म्हणाला, ठाऊक आहे, तुला बक्षीस हवं. कंठा देतो."

टुक.

"दुसऱ्यांदा गेलो. महाराज, बक्षीस नको, माझी आई... तो म्हणाला, कळलं, आईलाही लुगडं देतो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा पाणी सोडायचा मुहूर्त होता. वाजंत्री वाजत होती. मी ओरडलो. राजा म्हणाला, उद्या बोल."

राणीचा हात थबकला. 'ठाऊक आहे', 'कळलं', 'उद्या बोल' हे शब्द तिला नवे नव्हते. ते तिच्याच तोंडचे होते. प्रधानजींचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढं आला आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बऱ्याच वेळानं तिनं पळी वाजवली.

म्हातारा थांबला. त्यानं चाचपून पातेल्याला हात लावला. "काढा निवला. केव्हाच निवला असेल." त्यानं बुधला उपडा करून मधाची धार सोडली. "पी."

राणी काढा प्याली. ज्येष्ठमध गोड, बेहडा तुरट आणि वर मध. घसा आतून ओला होत गेला, दुखणं उतरलं. आवाज आला, हे तिला न बोलताच कळलं.

"आता जा," धूम्रकेश म्हणाला. "हत्ती समोर आहे. हाक दे. याच्या पुढचं कुणी ऐकत नाही."

हत्ती हाताच्या अंतरावर होता. खाली सगळं राज्य वाट पाहत होतं. राणीनं श्वास घेतला. मग तिनं पळी खाली ठेवली आणि जिथं होती तिथंच मांडी घालून नीट बसली.

"हं," ती म्हणाली. "मग?"

कंठ्याची कडी सुटली आणि कंठा रिकाम्या पातेल्यात पडला.

म्हाताऱ्याचा चेहरा आक्रसला. पुढचं वाक्य इतकी वर्षं घशात राहिलं होतं की बाहेर यायला त्याला त्रास झाला. "आईला ऐकू येत नव्हतं," तो म्हणाला. "वाजंत्री कळली नाही. पाणी आलेलं कळलं नाही. राजाला एवढंच सांगायचं होतं."

"हं," राणी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"झालं," म्हातारा म्हणाला. "संपलं." आणि मनसोक्त रडला.

तो शांत झाल्यावर राणी उठली. हत्तीच्या कानाशी जाऊन हळू आवाजात म्हणाली, "गजराजा, सोंड उचल." हत्तीनं सोंड उचलली. पाणी कालव्यात धावलं आणि खालून बायांच्या आरोळ्या वर ऐकू आल्या.

राणीनं पुढं कालवा वळवला. झोपडीच्या जागी पार बांधला आणि धूम्रकेश त्याच पारावर सुखानं म्हातारपण घालवू लागला. कंठा वितळवून टाकला. राणी गडावर परतली तेव्हा प्रधानजी म्हणाले, "महाराणी, निवेदन असं की..." आणि सवयीनं थांबले. पुढं कुणीच बोलेना. तेव्हा बिचाऱ्यांना आठवून आठवून निवेदन पुरं करावं लागलं.

तेव्हापासून त्या राज्यात अशी रीत आहे. गाऱ्हाणं घेऊन कुणी आलं की गादीपुढं काढ्याचं वाफाळतं पातेलं आणून ठेवतात. तो निवेपर्यंत गादीवरच्यानं मधे बोलायचं नाही, फक्त हुंकार द्यायचा. काढा निवला की त्यात मध घालायचा आणि दोघांनी अर्धा अर्धा प्यायचा. आणि एखाद्याचं दुःख मोठं असलं, काढा निवला तरी संपलं नाही, तर राणी स्वतः उठते आणि पातेलं पुन्हा चुलीवर ठेवते.